परवाचं पाणी

परवाचीच गोष्ट. हा शब्द उच्चारायची खरं तर मला आता धास्तीच बसलीय. आमचे हे, एकनाथराव, नुसती आठवण निघाली तरी हसून हसून खोकल्याची उबळ आणतात. हसा म्हणावं. एका पोराचा संसार माझ्या जिभेवरून घसरून पडायला आला होता, तेव्हा हे पण हसत नव्हते.

तर, चिन्मय. आमचं घर हैदराबादेत, नल्लकुंट्यात. खालच्या दोन खोल्या भाड्याच्या, वर आम्ही दोघं. पुण्याचा भाडेकरू पुन्हा ठेवायचा नाही म्हणून मी कानाला खडा लावला होता. आधीचे एक गृहस्थ होते, माणूस सज्जन, पण येता-जाता माझी मराठी दुरुस्त करायचे. मी म्हटलं, बाबा रे, माझे वडील उदगीरचे, सासरे बीदरचे, मी जन्मले इथंच चिक्कडपल्लीत. शेजारी उर्दू, बाजारात तेलुगू, आणि मराठी घरात भाकरीबरोबर मिळाली तेवढी. ती अशीच राहणार. ते घर सोडून गेले, आणि मी ठरवलं, बस्स झालं पुणं.

आणि मग मार्च संपता संपता, डांबर चपलेला चिकटतंय अशा भर दुपारी, दारात हा उभा. दोन मोठ्या बॅगा, पाठीला आणखी एक बोचकं, आणि अंगात काय, तर गुडघ्यापर्यंत लोकरीचा कोट!

"अय्यो, थंडी वाजायलीय का रे तुला?" मी विचारलं.

"बॅगेत मावला नाही हो काकू," तो म्हणाला आणि तिथंच पायरीवर बसला. घामानं नुसता निथळत होता. तीन वर्षं जर्मनीत काढली, तिथनं पुण्याला आला, पुण्यात जेमतेम आठवडाभर टेकला आणि बसनं इकडं. एक परका मुलूख सोडला तर दुसरं परकं गाव. वय असेल तेहतीस-चौतीस, पण त्या कोटात बसलेला बघून मला वाटलं, कुणी ह्याला जत्रेत विसरून गेलंय. माझा कानाचा खडा तिथंच गळून पडला.

"जेवलास का?"

"हो, म्हणजे... तुम्ही त्रास घेऊ नका."

पुण्याच्या माणसाला जेवलास का विचारलं तर तो तुमच्या त्रासाची चौकशी करतो. मी ताट वाढलं. भात, पप्पू, म्हणजे आपलं वरणच, आणि अंबाडीची चटणी. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मी म्हटलं, "नक्को का आणखी?"

तो नाक पुसत हसला. "काकू, नक्को म्हणजे आपलं नकोच ना?"

"आपलंच. वाटेत जरा जाड झालं."

तार्नाक्याला एक मोठी प्रयोगशाळा आहे, तिथं हा माशांवर काम करतो. खायचे मासे नव्हेत. बोटाच्या पेराएवढे, काचेच्या टाक्यांत पोहणारे. त्यांची अंडी म्हणे आरपार दिसतात, आणि आत काळीज कसं घडतं, कसं धडधडायला लागतं, ते हा बसून बघतो. मी म्हटलं, "एवढा शिकलास, जर्मनीला गेलास, आणि मासे राखतोस?" तर म्हणाला, "हो काकू, माशांचा गुराखी." चेष्टा कळणारा माणूस मला आवडतो. हा मला लई आवडला, सरळच सांगते. आमचा प्रशांत बंगळूरला असतो, टक्कल पडलंय त्याला, दोन लेकरांचा बाप आहे. आईच्या थट्टेला त्याला आता वेळ नसतो.

गाव परकं म्हणजे किती परकं, ते बसमध्ये कळतं. सुरुवातीच्याच दिवसांत कंडक्टरनं ह्याला विचारलं, "एक्कडा?" तेलुगूत एक्कडा म्हणजे कुठं. ह्याला ऐकू आलं 'इकडे?' ह्यानं मान डोलावून सांगितलं, "हो हो, इकडे." आता तेलुगूत इक्कडा म्हणजे इथं, अगदी आपल्यासारखंच. कंडक्टरनं शिट्टी मारली, बस थांबवली आणि ह्याला मधल्याच एका स्टॉपवर उन्हात उतरवून दिलं. संध्याकाळी येऊन ही गोष्ट त्यानं अशी रंगवून सांगितली की यांच्या कपातला चहा सांडला.

"मग रे, कसं होणार तुझं?" मी विचारलं.

"छान चाललंय काकू. शिकतोय हल्लू हल्लू."

त्याचं नेहमी सगळं छानच असायचं. रोज संध्याकाळी पायरीवर बसून तो फोनवर बायकोशी बोलायचा. मी काही कान लावून ऐकत नव्हते. बरं, ऐकत होते. "हो ऋचा, घर छान आहे. जेवण छान. माणसं छान." ऋचा पुण्यात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. लेक शर्वरी चार वर्षांची, हा जर्मनीला गेला तेव्हा जेमतेम पाऊल टाकायला लागलेली. म्हणजे त्या लेकरानं बाप बघितला तो फोनच्या काचेतच. पावसाळा लागला तरी हे असंच चाललं होतं.

श्रावणात एक दिवस तो वर आला. चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. रिकामा होता.

"काकू, ऋचा येतेय शुक्रवारी. शर्वरीला घेऊन. दोन दिवस राहील, बघेल आणि ठरवेल."

"काय ठरवेल?"

"इथं यायचं की नाही ते. पटलं तर तिथलं काम सोडून येईल. नाही पटलं तर मी हे सोडून परत जायचं. आता आणखी वेगळं राहणार नाही म्हणते. बरोबरच आहे तिचं."

"आणि पुण्यात तुझे मासे?"

"पुण्यात माझं काम नाही काकू. जे शिकलो ते करायला जागा मिळाली ती इथंच." मग जरा थांबून म्हणाला, "पण शर्वरीला सोडून आता नाही राहता येणार. तिनं नाही म्हटलं तर जाईन."

झालं! मी पदर खोचला. दोन दिवस त्या खालच्या खोल्या मी घासून-धुऊन काढल्या. भिंतींना खालच्या बाजूनं ओल आली होती, तिथं चुन्याचा हात मारून घेतला. फिनेल एवढं ओतलं की यांना शिंका लागल्या. समोरच्या भाग्यलक्ष्मीला सांगून ठेवलं, पोरगी येतेय, छान बोल, तुझ्या गुडघ्याचं पुराण लावू नको. आणि यांना ताकीद दिली, "तुम्ही काही बोलू नका. जे बोलायचं ते मी बोलते." हे तसेही बोलत नाहीत. सारी नोकरी रेल्वेच्या सिग्नलवर झाली, तिथं बोलायला होतं कोण? मान हलवली आणि पेपर वाचायला बसले.

शुक्रवारी सकाळी त्या दोघी सिकंदराबादहून रिक्षानं आल्या, चिन्मय आणायला गेला होता. मी मनात धरून ठेवलं होतं की बाई नखरेल असणार, नाक मुरडणार. तसली नव्हती. दमलेली होती. केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. म्हणाली, "काकू, तुम्ही आहात म्हणून याची काळजी जरा कमी वाटते मला." मग खोलीत बघून म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलंय!"

"दोन दिवस धुवायलेय की मी," मी म्हटलं. कौतुक केलं की मला गप्प बसवत नाही.

शर्वरी आईच्या ओढणीत तोंड खुपसून उभी. चिन्मयनं खाली बसून हात पुढं केले. "ये शरू." ती जागची हलली नाही. वर आईला म्हणते काय, "आई, बाबाला फोन लाव ना."

"अगं, हा काय बाबा!"

"हा नाही. फोनमधला."

काय करणार? तो बिचारा उठला, बाहेर पायरीवर जाऊन बसला, आणि आतनं लेकीनं त्याला फोन लावला. भिंतीच्या अलीकडं ती, पलीकडं तो. "बाबा, मी हैदराबादला आले!" "हो का? मी पण हैदराबादलाच आहे!" ऋचा चौकटीला टेकून बघत होती, तिनं तोंड फिरवून घेतलं.

पण बाकी सगळं जमत चाललं होतं हो. मी चिंचेचा भात केला, तिनं दोनदा मागून घेतला. भाग्यलक्ष्मी मोगऱ्याचा गजरा घेऊन आली, तिनं तो लगेच केसांत माळला. जवळच बरकतपुऱ्यात तिच्या कामाचे दोन-तीन दवाखाने आहेत, तिकडं दोघं चक्कर मारून आले. शनिवारी सकाळी बघते तर ती खिडकीला वीत लावून मोजत होती. बाई खिडकीला वीत लावायला लागली की मनात तिचे पडदे शिवून झालेले असतात. मी वर येऊन यांना म्हटलं, "देव पावला." यांनी पेपर उलटला.

जेवणं झाली आणि चिन्मय प्रयोगशाळेत गेला. माशांना शनिवार कळत नाही, त्यांना खायला लागतं. शर्वरी अंगणात मांजरामागं. आम्ही दोघी पलंगावर बसून अंबाडी निवडत होतो.

"काकू, एक विचारू? खरं सांगाल?" ऋचा म्हणाली. "घर चांगलं आहे, शाळाही मिळेल. पण पुण्यात माझी आई दोन गल्ल्या सोडून आहे. शर्वरी तापली की मी तिला हाक मारते. इथं अशी वेळ आली तर कोण धावून येईल?"

हीच गोष्ट मला तिला सांगायची होती! ह्या गल्लीत माणसं कशी आहेत, ते. आणि ते सांगायला माझ्याजवळ जी सगळ्यात चांगली गोष्ट होती ती मी काढली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"अगं, परवाच बघ की! केवढा पाऊस, काय सांगू तुला. मागचा नाला उलटला आणि ह्या खोल्यांत कमरेएवढं पाणी. हा पलंग दिसायलाय ना, ज्यावर तू बसलीस, हा तरंगत होता! तांदळाचा डबा डोळ्यांदेखत वाहून गेला. आम्ही सगळे गच्चीवर, वीज नाही, चूल नाही. आणि ही समोरची भाग्यलक्ष्मी, हिनं तिच्या गच्चीवरनं आमच्या गच्चीला दोरी बांधली आणि बादलीतनं सांबारभात पाठवला. आधी लेकरांना, मग मोठ्यांना. पाणी उतरेपर्यंत एक वेळ चुकवली नाही बाईनं. अशी माणसं आहेत इथं! तुला काय काळजी?"

ऋचाच्या हातातली काडी तशीच राहिली. तिनं पलंगाच्या पायांकडं बघितलं, मग भिंतीच्या खालच्या नव्या चुन्याकडं.

"परवा?" तिनं विचारलं.

"हौ, परवाच."

"चिन्मय काहीच बोलला नाही मला."

मी हसले. "तो कशाला बोलतोय? त्याचं काय, सगळं छान!"

ती उठून आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, भाग्यलक्ष्मीची माया ऐकून गहिवरली असेल. मी अंबाडी घेऊन वर आले आणि चांगली मोठी फोडणी घातली. करायला गेले गणपती आणि झालं माकड, पण ते तेव्हा मला कुठलं माहीत!

चिन्मय परत आला तो पाच-साडेपाचला. थोड्या वेळानं खालनं आवाज यायला लागले. ऋचाचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मी एवढी घाबरले नसते.

"परवा या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि तू मला फोनवर म्हणालास, सगळं छान आहे?"

"कुठलं पाणी?"

"चिन्मय, नको."

"अगं पण खरंच, कुठलं पाणी?"

"तिकडे न्यूमोनिया होऊन दवाखान्यात पडला होतास तेव्हाही सगळं छानच होतं. मला तुझ्या मित्राच्या बायकोकडून कळलं. तेव्हा तू शपथ घेतली होतीस की यापुढं काही लपवणार नाही. मी आजच्या गाडीनं परत जाते. घर वाईट आहे म्हणून नाही. तुझ्या शब्दावर मला सगळं सोडून इथं यायचंय, आणि तुझा शब्द खरा नसतो."

मी जिन्यात आले तर दारातनं दिसत होतं, तिची बॅग भरलेली, पलंगावर. चिन्मयनं मला बघितलं आणि बुडत्यानं काडी धरावी तसा ओरडला, "काकू! तुम्हीच सांगा. परवा घरात पाणी आलं होतं?"

"हौ, आलं होतं की!" मी म्हटलं.

"परवा?"

"परवाच! खोटं कशाला सांगू मी? सगळ्या गल्लीला विचार."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या पाठीत सुरी खुपसलीय. "काकू, परवा मी इथंच होतो!"

"तू कुठला असतोस? तू तेव्हा पुण्यात अर्ध्या चड्डीत फिरत असशील."

शर्वरी अंगणात मांजराला काहीतरी सांगत होती, तेवढंच ऐकू येत होतं. मग ऋचा सावकाश म्हणाली, "काकू, परवा म्हणजे... कधी?"

"अगं, परवा म्हणजे परवा! आमचा प्रशांत दहावीला होता. त्याची सगळी पुस्तकं भिजली, गच्चीवर वाळत घातली होती."

"प्रशांत म्हणजे बंगळूरचे? टक्कल पडलंय ते?"

"हौ, तोच. मला एकच आहे."

यांनी वर जिन्यात उभं राहून सगळं ऐकलं होतं. त्या दोन दिवसांत यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "हैदराबादेत परसों म्हणजे काल नव्हे, एवढंच नक्की धरायचं," हे म्हणाले. "बाकी मग ते गेल्या आठवड्यातलं असेल, नाहीतर निजामाच्या वेळचं. आमच्या हिनं त्या परसोंचं मराठीत परवा केलंय. लग्न झालं तेव्हापासनं ऐकतोय मी."

आधी चिन्मय हसला. मग ऋचा. ती तर पलंगावर बसली आणि पोट धरून हसायला लागली, डोळ्यांतनं पाणी. मला आला राग. "त्यात हसायला काय झालं? परवा म्हणजे होऊन गेलेलं! तारीख कोण लक्षात ठेवतंय? आणि तेव्हापासनं आम्ही जोतं उंच करून घेतलंय, नालाही बांधून काढलाय. पुन्हा कधी थेंब आला नाही घरात. विचारायचं तरी नीट!" तर आणखीच हसतात.

मला वाटलं, टळलं. चला, चहा टाकावा. पण ऋचाचं हसू मधेच थांबलं.

"चिन्मय," ती म्हणाली, "पाण्याचं सोड. पण मला ते ऐकल्याबरोबर खरं वाटलं. मी तुला फोन करून विचारलंसुद्धा नाही. सरळ बॅग भरली. तू लपवलं असशील, हे मला इतकं सहज पटलं. आता याचं मी काय करू?"

चिन्मय उभा होता. "ऋचा, अगं, सगळं..." एवढं म्हणाला आणि थांबला. पुढचा शब्द त्याच्या तोंडात आलेला मला दिसत होता. तो त्यानं गिळला.

"छान नाहीये," तो म्हणाला.

मी वर जायला पाहिजे होतं. हे जिन्यातनं मला हातानं बोलावत होते. नाही गेले.

"छान नाहीये काहीच. त्या कंडक्टरनं मला उतरवलं ना, त्या दिवशी मी त्या स्टॉपवर बसूनच राहिलो. किती बस आल्या नि गेल्या. उठावंसंच वाटेना. म्हटलं, उठून जायचं कुठं? मग इथं येऊन गंमत म्हणून सांगितलं, काकू-काका हसले, तुलाही तेच फोनवर सांगितलं. जर्मनीतही तेच. तुला फोन करायच्या आधी मी तोंड धुऊन घ्यायचो, म्हणजे कळायला नको. तू तिथं एकटी शर्वरीचं सगळं करतेस, नोकरी करतेस, तुला आणखी माझं रडगाणं कशाला? पण मला एकट्याला नाही जमत गं. कधीच जमलं नव्हतं. तुम्ही दोघी नसलात की मला कुठलंच गाव माझं वाटत नाही." एवढं बोलला आणि जमिनीवर बसून, चांगला मोठा बाप्या, हमसून हमसून रडायला लागला.

ऋचा त्याच्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे. माझं लेकरू शाळेतनं हरवून पुन्हा सापडलं असतं तर मी असंच बघितलं असतं.

"हे तीन वर्षांत एकदा म्हणायचंस ना रे," ती म्हणाली. "एकदाच. मी रोज फोन ठेवला की म्हणायचे, याचं आमच्यावाचून छान चाललंय. आपण उगीच कशाला याच्या पायात यायचं? तू नुसतं ये म्हणाला असतास तर तुझ्या त्या बर्फातसुद्धा आले असते मी."

"ये," तो म्हणाला. मान खालीच होती.

"येते. पण यापुढं रडायचं असेल तर तोंड न धुता फोन करायचा."

मी पदर डोळ्यांना लावला. वर बघितलं तर हे चष्मा पुसत होते, उगं इकडंतिकडं बघत.

तेवढ्यात शर्वरी अंगणातनं आत आली, मांजर बगलेत. बाप जमिनीवर बसून रडायलाय हे बघून थबकली. फोनमधला बाबा कधी रडलेला नव्हता ना. तिनं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग तिनं मांजर सोडलं आणि त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"तुला लागलं का?" तिनं विचारलं. फोन न लावता.

"हो," चिन्मय म्हणाला.

"कुठं?"

तिनं थोडा वेळ वाट बघितली, मग आपल्याच मनानं त्याचा गुडघा धरला, खाली वाकली आणि त्यावर फुंकर घातली. बरं वाटलं का म्हणून त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो आणखीच रडायला लागला, तेव्हा तिनं दुसरा गुडघा धरला.